वोक्लेरांच्या पायाखालचा मी

मी एक पोडियम बोलतोय. ऑपेराचा संचालक ज्यावर उभा राहून वाद्यवाल्यांना आणि गायकांना इशारे करतो, तो लाकडी चौथरा. टाळ्या वरच्याला मिळतात, खालच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. तरी माझा तोरा बघाल तर म्हणाल, चौथऱ्यालाही शिंगं फुटली!

माझा जन्म २००४ साली मिशिगनमध्ये, ट्रॉयच्या एका गॅरेजात झाला. मला घडवणारा गुरुदत्त मूळचा पुण्याचा इंजिनिअर. मोटारीतली खडखड शोधून ती बंद करायची, ही त्याची नोकरी. शेजारी एमील वोक्लेर राहायचे, वय अठ्ठ्याहत्तर. गुरुदत्त मला रंधा मारायचा आणि ते स्टुलावर बसून आपली कहाणी सांगायचे. लियॉनच्या एका बेकरीवाल्याचा हा मुलगा. फ्रान्सच्या गावोगावच्या थिएटरांत त्यांनी चाळीस वर्षं दुसऱ्यांचे ऑपेरा चालवले, मग अमेरिकेत येऊन विद्यापीठात शिकवलं. स्वतः तीन ऑपेरा लिहिले. दोन साफ आपटले. तिसरा, नावाड्यांवरचा, पंचवीस वर्षं पेटीत पडून होता. तो आता ट्रॉयच्या हौशी मंडळाने बसवायला घेतला होता.

पण तालमीत जुना पोडियम डुगडुगला आणि वोक्लेर पडले. मंडळ म्हणालं, "तुम्ही पहिल्या रांगेत बसा, दुसरा कुणी चालवेल."

"आयुष्यभर दुसऱ्यांसाठी उभा राहिलो," वोक्लेर म्हणाले, "आणि स्वतःच्या वेळेला बसू?"

म्हणून मी आलो. भक्कम पाय, पाठीशी कठडा. ठेक्यावर डावा पाय आपटायची वोक्लेरांना सवय होती, आणि गुरुदत्तला तर आवाजाचं वावडंच. त्याने माझ्या पोटात जाड रबर ठासून भरलं. मी पार मुका झालो, आणि त्याला त्याचं केवढं कौतुक!

प्रयोगाच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम होती. दुसऱ्या अंकात नावाड्यांचा कोरस पडद्यामागून गातो. वोक्लेरांनी हात उचलला, पाय आपटला. कोरस गप्प. पुन्हा केलं, तर चार गळे चार दिशांना. मंडळाची माणसं एकमेकांकडे बघू लागली.

वोक्लेरांनी छडी खाली ठेवली. "माझे हात गेले. उद्या दुसऱ्याला उभं करा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात कोरसमध्ये गाणारी गुरुदत्तची मुलगी आश्लेषा धावत बाहेर आली. "बाबा, तिथून ते आम्हाला दिसतच नाहीत! वी लिसन फॉर हिज फूट. तुम्ही तो आवाजच कॅन्सल केलात!"

गुरुदत्तचा चेहरा पडला. त्याने मला तिथेच आडवा केला आणि सुरीने सगळं रबर उपसून काढलं. "वीस वर्षं आवाज काढून टाकतोय यार," तो पुटपुटला, "परत घालायची ही पहिलीच वेळ."

वोक्लेर पुन्हा चढले. धप्प! पडद्यामागून तीस गळे एका दमात उमटले.

दुसऱ्या दिवशी ते तीन तास ताठ उभे राहिले आणि त्यांचा ऑपेरा जगाने प्रथम ऐकला. तो भार मी पेलला, हे मी छाती काढून सांगतो.

वोक्लेर गेल्या हिवाळ्यात गेले. आता २००८ चालू आहे आणि मी गुरुदत्तच्या गॅरेजात असतो. त्या प्रयोगाची सीडी कधी तुमच्या हाती आली, तर दुसऱ्या अंकातला तो दणका दोष समजू नका, एवढंच मागणं आहे. संध्याकाळी गुरुदत्त गाडी आत आणतो, पण लगेच उतरत नाही. तीच सीडी चालू असते. ती जागा जवळ आली की तो आवाज वाढवतो, आणि वोक्लेरांचा पाय माझ्यावर पडतो.