मिठाच्या बरणीखालची चिठ्ठी

नातीने भावाच्या काखेत थर्मामीटर खोचला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिली. भाऊ चार वर्षांचा, ठणठणीत, हातात टरबुजाची फोड. सकाळपासून तो तिसऱ्यांदा आजारी पडला होता, पण त्याची काहीच तक्रार नव्हती. दर आजाराला एक फोड मिळत होती.

"अठ्ठ्याण्णव," नात म्हणाली आणि फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर तिने आकडा लिहिला.

आजी ओट्याशी उकडलेली अंडी सोलत होती. मागे वळून न बघताच तिने विचारलं, "आणि मागच्या बाजूला काय आहे?"

नातीने जीभ चावली. कागद सोडवून उलटा केला आणि वाचलं, "पेशंटला कुत्र्याची भीती वाटते."

"मग?"

"मग त्याला कुत्र्यांच्या वॉर्डात ठेवायचं नाही."

खिडकीशी बसून पंखा दुरुस्त करणारे आजोबा खो-खो हसले. पेशंटही हसला आणि थर्मामीटर खाली पडता पडता वाचला.

आजीने छत्तीस वर्षं इस्पितळात काढली होती, त्यातली वीस वॉर्डची मुख्य म्हणून. पेशंटच्या कागदाच्या मागच्या बाजूला कुणालाच नीट न दिसणाऱ्या गोष्टी लिहिलेल्या असत. अमुक गोळी सोसत नाही, ऐकू कमी येतं, अंधारात घाबरतो. एकदा एका नव्या मुलीने कागद उलटला नाही आणि एक म्हातारा मरता मरता वाचला. त्या दिवसापासून प्रत्येक नव्या मुलीला आजी पहिल्या सकाळी एकच गोष्ट शिकवायची. पान उलटा. रोग पुढे लिहिलेला असतो, माणूस मागे. मुली तिच्या माघारी तिला उलटपान बाई म्हणत. हे तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. आजोबा मात्र तिला घरातही 'सिस्टर'च म्हणत. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली तरी त्यांचा हा विनोद शिळा व्हायला तयार नव्हता.

नातवंडं सुट्टीत पहिल्यांदाच इथे राहायला आली होती. दर उन्हाळ्यात ती आईच्या माहेरी, तिकडच्या आजीकडे जात. यंदा तिकडची आजी बाथरूममध्ये घसरली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. सूनबाई कामासाठी परदेशात, मुलाला रजा नाही. शेवटी फोन इकडे आला. कुणाचं हाड मोडावं असं आजीने कधी मनात आणलं नसतं. पण मोडलं म्हटल्यावर तिला जो आनंद झाला, त्याची तिला अजूनही लाज वाटत होती.

मुलगा पोरांना सोडायला आला तेव्हा त्याने गाडीचं इंजिनसुद्धा बंद केलं नव्हतं. तो आईशी कधी भांडला नव्हता. भांडला असता तर बरं झालं असतं, असं आजीला वाटे. तो तिच्याशी एखाद्या चांगल्या अधिकाऱ्याशी बोलावं तसा बोलायचा. तब्येत बरी ना, काही लागलं तर सांग, निघतो मग. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं तरी घड्याळाकडे बघत. असं किती वर्षं चाललं होतं कोण जाणे. आता रविवारी तो पोरांना न्यायला येणार होता. यावेळी तो बसावा, एकदा तरी या टेबलाशी जेवावा, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी तीन आठवडे तिने पोरांना फुलासारखं जपलं होतं. 'जेवूनच जा' हे दोन शब्द ती भांडी घासताना मनात घोळवून बघायची. दर वेळी ते तिला जरा मोठ्याने म्हटल्यासारखे वाटत.

गुरुवारी दुपारी ऊन इतकं कडक होतं की पोरांना बाहेर सोडायची सोय नव्हती. आजी कपड्यांच्या घड्या घालत होती, तेवढ्यात आतल्या खोलीतून काहीतरी धातूचं खणकन पडल्याचा आवाज आला.

"काय पाडलंत?"

"आजी, तिजोरी उघडली!"

ती खोली तिच्या मुलाची. आजोबांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. एका जुन्या इमारतीची लिफ्ट मोडीत निघाली तेव्हा तिची पितळी बटणांची पट्टी त्यांनी घरी आणून मुलाच्या पलंगाशेजारी भिंतीत बसवून दिली होती. तळमजल्यापासून नवव्या मजल्यापर्यंत दहा बटणं. मुलगा पलंगावर उभा राहून तासन्‌तास वर-खाली करायचा. आता ती पट्टी एका स्क्रूवर लटकत होती आणि मागे भिंतीत हातभर पोकळी दिसत होती.

"तुला कुणी सांगितलं हे?"

"बाबांनी. ते झोपताना गोष्ट सांगतात ना. खालचा स्क्रू ढिला आहे, तो काढायचा आणि सातवा मजला दाबायचा." नात खांद्यापर्यंत हात घालून चाचपत होती. "तुला माहीत नव्हतं?"

"नव्हतं गं," आजी म्हणाली.

पोकळीतून आधी अकरा गोट्या निघाल्या. मग रबर लावलेला कागदांचा एक गठ्ठा. रबर हात लावताच तुटलं.

"हॅत्, नुसते कागद," नात म्हणाली. गोट्यांची वाटणी करण्यावरून बहीणभावाची जुंपली आणि दोघं भांडत भांडत आजोबांकडे न्याय मागायला गेली.

आजी पलंगावर बसली. वरच्या कागदावर तिचंच अक्षर होतं. ठळक, सरळ, वॉर्डात तीन हातांवरून वाचता येईल असं. *दूध झाकून ठेवलं आहे. गरम करू नकोस, तसंच पी. बाबा सहाला येतील. दाराची कडी लाव.*

या तिच्या चिठ्ठ्या होत्या. दुपारची पाळी, किंवा तिला जोडून रात्रीचीही असली की मुलगा शाळेतून येण्याआधीच तिला निघावं लागे. निघताना ती टेबलावर मिठाच्या बरणीखाली चिठ्ठी ठेवायची. परत येई तेव्हा चिठ्ठी तिथेच, तशीच, तिने ठेवली होती तशी सुलटी. मुलगा तोवर झोपलेला किंवा शाळेत गेलेला. पुढच्या चिठ्ठीच्या वेळी जुनी नाहीशी झालेली असे. टाकली असेल, असं ती धरून चालली होती.

टाकली नव्हती. एकूण एक जपून ठेवली होती पोराने! एवढी वर्षं आपण उगाच मनाला लावून घेतलं, असं वाटून ती एकटीच हसली. एकेक चिठ्ठी हातात घेऊन ती वाचू लागली. आणि चौथ्या की पाचव्या चिठ्ठीला, छत्तीस वर्षांच्या सवयीने, तिच्या बोटांनी कागद उलटा केला.

मागे पेन्सिलीने लिहिलेलं होतं. अक्षर वाकडं, ओळी उताराला लागलेल्या.

*आई दूध प्यालो. साय काढून. सायीचं काय करू ते लिहिलं नव्हतंस म्हणून मांजराला दिली.*

तिने पहिली चिठ्ठी पुन्हा उचलली. तिच्याही मागे होतं. जी उलटावी तिच्या मागे होतं.

*आई तू सकाळी झोपली होतीस तेव्हा मी तुझ्या पायावर चादर घातली. तुला कळलं का.*

*आई आज मला गणितात पैकीच्या पैकी. बाबांना सांगितलं नाही. आधी तुला.*

*आई मी नाटकात झाड आहे. झाडाला बोलायचं काही नाही. तरी बघायला ये. गुरुवारी चार वाजता.*

आजीने ती चिठ्ठी बराच वेळ धरून ठेवली. नाटकाचं तिला काहीच आठवेना. त्या गुरुवारी चार वाजता आपण कुठल्या पेशंटच्या उशाशी होतो, तेही नाही.

गठ्ठ्याच्या तळाजवळ एक चिठ्ठी होती. पुढे तिचं अक्षर: *जेवण कपाटात. वेळेवर झोप.* मागे पट्टीने आखलेला एक छोटा चौकोन आणि त्याच्याशेजारी लिहिलेलं: *आई तू मागची बाजू वाचतेस का. वाचत असशील तर इथे बरोबरची खूण कर.*

चौकोन कोरा होता. त्यानंतरच्या तीन चिठ्ठ्यांच्या मागे काही नव्हतं.

आणि मग तिला एक सकाळ आठवली. मुलगा नऊ वर्षांचा. रात्रभर वॉर्डात दोन मरणं बघून ती घरी आली होती, आणि चिठ्ठी पुन्हा जशीच्या तशी बरणीखाली. तिचा पारा चढला. मी मरमर मरून लिहिते, ते वाचत तरी जा, असं ती ओरडली होती. मुलाने तिच्याकडे बघून विचारलं होतं, "तू वाचतेस का?" उलट उत्तर दिलं म्हणून तिने त्याच्या थोबाडीत मारली होती. तो रडला नाही. दप्तर घेऊन गेला. रडला नाही याचंच तिला तेव्हा बरं वाटलं होतं. पोरगा घट्ट आहे, असं ती वॉर्डात कुणाला तरी म्हणालीही होती.

आजोबा दारात आले. "न्यायनिवाडा झाला. धाकट्या बोक्याला पाच, थोरल्या इन्स्पेक्टरबाईंना सहा." मग त्यांनी पलंगावरचे कागद बघितले आणि त्यांचा चेहरा बदलला.

"तुम्हाला माहीत होतं?" आजीने विचारलं.

"मागे लिहायचा ते? हो. संध्याकाळी टेबलाशी बसून लिहायचा, आणि पुन्हा सुलटी करून ठेवायचा. तुझी पान उलटायची शिकवण त्याला पाठ होती. म्हणायचा, आईला मागेच बघायची सवय आहे."

"मग मला कधी बोलला नाहीत."

आजोबा गोंधळले. "अगं, तू वाचतेस असंच मला वाटायचं. तू उलटून बघणार नाहीस, हे कुणाच्या मनात तरी येईल का?"

आजोबांनी पितळी पट्टी उचलली, स्क्रू शोधला आणि ती परत जागेवर बसवू लागले. आजी चिठ्ठ्या पुन्हा ओळीने लावू लागली.

रविवारी सकाळी तिने नातवंडांचा कागद लिहायला घेतला. वॉर्डातली पाळी संपवताना पुढच्या बाईच्या हाती द्यावा तसा. कोण किती झोपलं, कुणाचा गुडघा कधी खरचटला, कुणाला साय चालत नाही. पुढची बाजू भरली. मग तिने कागद उलटा केला आणि चष्मा पुसला.

वॉर्डात एखादी गोष्ट वेळेवर लिहायची राहिली, तर ती मागाहून घुसडायची नसते. 'उशिरा नोंद' असं सरळ लिहायचं, आजची तारीख घालायची आणि सही करायची. तिने पट्टी घेऊन एक छोटा चौकोन आखला. लाल पेनाने त्यात बरोबरची खूण केली. खाली लिहिलं: *उशिरा नोंद. मागची बाजू वाचली. झाड बघायचं राहून गेलं. चूक माझी.* तारीख घातली. सहीच्या जागी हात क्षणभर थांबला, कारण सवयीने पूर्ण नाव येत होतं. तिने 'आई' लिहिलं.

मुलगा अकराला आला. इंजिन चालूच. आजोबांनी पिशव्या मागे ठेवल्या, पोरं गोट्या खुळखुळवत गाडीत चढली.

"त्रास नाही ना दिला?"

"छे," आजी म्हणाली. आणि मग, फार मोठ्याने: "जेवूनच जा."

मुलाने घड्याळ बघितलं. "उशीर होईल, आई. परत कधीतरी."

तिने कागद पुढे केला. "दोघांचं सगळं लिहिलंय."

त्याने तो उभ्या उभ्या वाचला. सायीच्या ओळीशी तो जरासा थांबल्यासारखा वाटला. "अगदी वॉर्डातल्यासारखं," तो म्हणाला, हसला, कागदाची घडी केली आणि शर्टाच्या खिशात घातली.

'पान उलटा' हे जन्मभर शेकडो मुलींना ठणकावून सांगितलेले दोन शब्द आजीच्या ओठांवर आले. पण ज्याने एवढी वर्षं वाट बघितली त्याला ते सांगायचा आपल्याला काय अधिकार, असं वाटून तिने तोंड मिटलं.

"निघतो मग."

गाडी हलली. मागच्या सीटवरून नात पुढे वाकलेली दिसली. उघड्या काचेतून तिचा आवाज आला. "बाबा, तो कागद द्या ना. मला तपासायचाय."

मुलाने रस्त्यावरची नजर न काढता खिशातला कागद मागे दिला.

"चल आत, ऊन लागेल," आजोबा म्हणाले.

"थांबा जरा."

गाडी कोपऱ्यापर्यंत गेली. तिथे ना सिग्नल, ना समोरून कुणी येत होतं. तरी गाडीचे मागचे लाल दिवे लागले. बराच वेळ लागलेलेच राहिले. आजी फाटकाचा गज धरून उभी होती. मग दिवे विझले आणि गाडी वळून दिसेनाशी झाली.

ती आत आली. टेबलावर सकाळपासून पाच ताटं मांडून ठेवली होती. त्यातली तीन तिने उचलली, ओट्यापर्यंत नेली. तिथे थोडा वेळ उभी राहिली, आणि एक ताट परत आणून मुलासाठी मांडलं होतं त्या जागी ठेवलं.