दोन बोटं बाहेर, एक आत

मिस्त्रींना झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. वाचा अगदी सगळी गेली असं नाही, जाताजाता एक शब्द मागे ठेवून गेली. "बरं." पाणी हवं असलं तरी बरं, पंखा बंद करा तरी बरं, आणि हे सूप खारट झालंय, घेऊन जा, असं सांगायचं असलं तरी बरंच. डॉक्टरांनी घरच्यांना समजावलं होतं की डोक्यातलं सगळं जागच्या जागी आहे, फक्त बाहेर यायचा रस्ता बंद झालाय. लिहून दाखवतील म्हणून पाटी आणली, तर डाव्या हाताने नुसत्या रेघा निघाल्या. अक्षरंही त्याच रस्त्याने येत असावीत. जन्मभर गिऱ्हाइकांना "नाही, जमणार नाही" असं तोंडावर सांगणाऱ्या माणसाच्या पदरी शेवटी हा शब्द पडावा, याला थट्टाच म्हणायची, दुसरं काय.

त्यांच्या बायकोने मात्र या एका शब्दाच्या चाली बसवून घेतल्या होत्या. लांबवलेलं बरं म्हणजे कूस बदलायचीय, तुटक बरं म्हणजे चहा, लागोपाठ दोनदा म्हणजे खिडकी. शेजारणींना ती अभिमानाने सांगायची, आमच्यात आता पूर्वीपेक्षा जास्त बोलणं होतं. ते खरंही होतं. पूर्वी मिस्त्री जे काही बोलत ते गाड्यांशीच.

त्यांची खाट वरच्या खोलीत, खिडकीला लागून होती. खिडकीखाली अंगण आणि अंगणाला लागून त्यांचं गॅरेज. खाली कोण आलं, कुठला पाना हातात घेतला, कोणाचं इंजिन कण्हतंय, सगळं त्यांना वर पडल्यापडल्या कळायचं. अंगणात लेकाची शर्यतीची गाडी उभी असायची. जमिनीला टेकेल इतकी बुटकी आणि चाकांपाशी फुगलेली. भंगारातून आणलेल्या सांगाड्यावर बापलेकाने मिळून उभी केलेली. शर्यत डोंगराच्या रस्त्यावर असायची. एक दिवस खालच्या टप्प्याच्या चाचणी फेऱ्या आणि दुसऱ्या दिवशी पायथ्यापासून माथ्यापर्यंतची मुख्य फेरी. रस्त्याच्या एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी टायरवाला आला. मिस्त्री ज्या कंपनीचे टायर वर्षानुवर्षं लावत आले होते, तिने त्या मापाचे टायर बनवणंच बंद केलं होतं. म्हणून टायरवाल्याने दुसऱ्या कंपनीचे आणले होते. त्याने एक टायर जमिनीवर आपटून त्यावरचा रुंदीचा आकडा लेकाला दाखवला. दोनशे पासष्ट जुन्यावर, दोनशे पासष्ट नव्यावर. आकडा तोच, पकड मात्र दुप्पट, गाडी रस्त्याला चिकटून जाईल, डोळे मिटून लाव, असं त्याचं म्हणणं होतं.

लेकाने पुढचं चाक बसवून, हवा भरून, जुन्या चाकाशेजारी उभं केलं आणि वर खिडकीत बसलेल्या मिस्त्रींची नजर त्यावरच अडकली. नवा टायर जाड होता. आकडा काहीही म्हणो, अंगाने जाड होता. नुसत्या डोळ्याला दिसत होता.

आता ज्याने कधी टायरमध्ये लक्ष घातलं नाही त्याला वाटेल, आकडा सारखा तर माप सारखं. तसं नसतं. टायरवरचा आकडा हा शर्टाच्या कॉलरवरच्या आकड्यासारखा आहे. एका दुकानातला चाळीसचा शर्ट अंगात ढगळ होतो आणि दुसऱ्या दुकानातल्या चाळीसची बटणं लागत नाहीत. कंपन्यांना थोडं इकडेतिकडे चालतं, आणि वेगाच्या गाड्यांचे टायर बनवणारे त्यात आपापली हौस भागवून घेतात. मिस्त्रींची नेहमीची कंपनी आकड्यापेक्षा बारीकच टायर काढायची. ही नवी कंपनी भरगच्च काढणारी. एका गिऱ्हाइकाच्या गाडीला तिचे टायर होते, तेव्हा मिस्त्रींनी स्वतः मोजून पाहिलं होतं. चांगला अर्ध्या बोटाचा फरक होता.

साध्या गाडीला अर्ध्या बोटाने काही बिघडत नाही. पण ही गाडी मिस्त्रींनी दोऱ्यात ओवावी तशी बसवली होती. टायरच्या आतल्या बाजूला, शॉकअब्सॉर्बरच्या नळीपासून टायरपर्यंत, त्यांची करंगळी जेमतेम जाईल एवढीच जागा होती. जाड टायर लावला की ती जागा संपली. गाडी उभी असताना चाक मोकळं फिरेल, गल्लीतही काही होणार नाही. पण वेगात वळण घेताना सगळं ओझं बाहेरच्या चाकावर आलं की टायर आत दबणार आणि त्या लोखंडी नळीला घासणार. दर वळणाला थोडा थोडा सोलत जाणार. आणि सोलता सोलता एकदा फुटणार.

या गॅरेजात टायर बसला की नाही ते बोटांनी बघायची पद्धत होती, मिस्त्रींनीच घालून दिलेली. चाकाच्या बाहेरच्या कडेला दोन बोटं घालायची, मोकळी गेली की काम झालं. लेक हेच शिकला होता, इथे काम करून गेलेला प्रत्येक जण हेच शिकला होता. आतली करंगळी मात्र मिस्त्री स्वतःच घालत. शिकवायची नाही असं काही नव्हतं. एकच कंपनी, एकच माप, कधी अडलंच नाही, म्हणून शिकवायचं राहून गेलं होतं.

खाली लेकाने बाहेरच्या कडेला दोन बोटं घातली. मोकळी गेली. तो समाधानाने दुसऱ्या चाकाकडे वळला.

"बरं," मिस्त्री ओरडले. "बरं! बरं!"

लेकाने वर बघून हसून अंगठा दाखवला. टायरवाला म्हणाला, बघ, मिस्त्रींनाही पसंत आहेत.

उपाय काही मोठा नव्हता, आणि त्यानेच मिस्त्रींचा जीव जास्त तळमळत होता. चाकामागे घालायच्या लोखंडी चकत्या कामाच्या टेबलाखालच्या खणात, तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या होत्या. त्या घातल्या की चाक थोडं बाहेर सरकतं. बाहेर जागा होतीच. चहा निवायच्या आत होणारं काम. चकत्यांचा थंडपणा त्यांना डाव्या हाताला जाणवत होता, फक्त हात खणापर्यंत पोचत नव्हता.

संध्याकाळी लेक वर येऊन खाटेवर बसला. मिस्त्रींनी डाव्या हाताने त्याची बाही धरली आणि दोन बोटं वर करून जोरजोरात मान हलवली. लेक म्हणाला, हो बाबा, दोन बोटं घालून बघितलीत, चारही चाकांना. मग त्यांनी दोन बोटं मिटली आणि करंगळी पुढे केली. हवेत ती आत खुपसल्यासारखी केली, एकदा, दोनदा. लेकाने ती करंगळी आपल्या मुठीत धरली.

"हीच धरून चालायला शिकलो ना मी," तो म्हणाला.

मिस्त्रींच्या डोळ्यांतून पाणी आलं. लेकाच्याही आलं. बायको चहा घेऊन आली तर दोघं रडताहेत, मग तीही पदराने डोळे पुसायला लागली. आख्खं घर प्रेमाने गहिवरलं होतं आणि त्यातल्या एका माणसाला सगळ्यांच्या थोबाडीत मारावंसं वाटत होतं. असा राग त्यांना आयुष्यात आला नसेल. तो राग टायरवाल्यावर नव्हता आणि पोरावर तर नव्हताच.

सकाळी लेकाने त्यांना खुर्चीसकट उचलून अंगणात आणलं. गाडी बघून घ्या म्हणाला. खुर्ची गाडीच्या नाकासमोर ठेवली, जिथून शोभा दिसते पण चाकाला हात लागत नाही. मिस्त्री पुढे झुकले. आणखी झुकले असते तर तोंडावर पडले असते. त्यांचा हात चाकाकडे धडपडायला लागला, तोंडातून एकच शब्द सुटा सुटा, मग सलग निघायला लागला. बायकोला यातली कुठलीच चाल ओळखीची नव्हती. तिने त्यांच्या कपाळाला हात लावला, चेहरा लाल झालेला पाहिला आणि ठरवून टाकलं की आनंदाने रक्तदाब चढलाय.

"अहो, पुरे आता. त्याला जाऊ द्या, उशीर होतोय."

गोळी तिने पाण्याबरोबर त्यांच्या घशाखाली उतरवली आणि लेकाने त्यांना पुन्हा वर नेऊन ठेवलं. मग गाडी सुरू झाली. गल्लीच्या तोंडाशी वळताना मिस्त्रींनी जिवाचा कान करून ऐकलं. घासल्याचा आवाज आला नाही. या वेगाला येणारच नव्हता.

तो दिवस त्यांनी कसा काढला ते त्यांनाच माहीत. बायकोने रेडिओ लावला, डोक्याला तेल लावलं, शेजारीण येऊन तिच्या सुनेबद्दल सगळं सांगून गेली आणि मिस्त्री प्रत्येक वाक्याला बरं म्हणतात म्हणून खूश होऊन गेली. मिस्त्री मनात तो रस्ता चढत होते. एकेक वळण त्यांना पाठ होतं. जिथे ओझं डाव्या चाकावर यायचं तिथे त्यांचे दात आवळले जायचे. खालचा टप्पा लहान आहे, टायर कोरे आहेत, तेवढं निभेल, असं ते स्वतःला समजावत होते, आणि स्वतःशी बोलताना त्यांना सगळे शब्द येत होते. खाली टेबलावरचा फोन वाजला की ते बायकोचा आवाज टिपायला लागायचे. एकदा गिऱ्हाईक निघालं, एकदा बायकोची बहीण.

दुपार कलताना गल्लीत ते इंजिन ऐकू आलं. मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. डोळे मिटून ते नुसते पडून राहिले.

लेक धावत वर आला. चाचणीत दुसरा आला होता. असे टायर आजवर लावले नव्हते, वळणावर गाडी जागची हलत नाही, मुख्य फेरीत पहिला नंबर कुठे जात नाही, असं बोलत बोलतच त्याने बापाला खुर्चीत घातलं आणि खाली आणलं. या वेळी गाडीच्या नाकासमोर ऊन होतं. म्हणून खुर्ची सावलीत, डाव्या बाजूला ठेवली, अगदी पुढच्या चाकाला लागून. चाक वळवलेलंच राहिलं होतं आणि त्याची आतली बाजू उघडी पडली होती.

मिस्त्रींनी डावा हात चाकामागे घातला.

टायर अजून गरम होता. बोटांना आधी गुळगुळीत रबर लागलं, मग एक चर. चर पूर्ण गोल गेला होता. त्यात बोट दाबलं तर केस लागल्यासारखं लागलं. रबर संपून आतले धागे उघडे पडले होते. हवा धरून ठेवायला आता एवढेच धागे होते, आणि उद्या त्यांना डोंगर चढायचा होता.

त्यांनी टायर पकडला. असेल नसेल ती सगळी ताकद त्या एका हातात आणून पकडला. लेक आता वर जाऊ या म्हणाला तरी सोडला नाही. खुर्ची मागे ओढली तर खुर्ची आली आणि हात तिथेच राहिला.

"आई, बघ ना, सोडतच नाहीत," लेक हसत म्हणाला.

बायको म्हणाली, अर्धा जन्म त्या चाकांमागे हात घालून गेला, सुटेल कसा. लेक गुडघ्यांवर बसला. बापाच्या अगदी जवळ, चाकाच्या अगदी जवळ. एक वीतभर वाकून आत बघितलं असतं तर झालं असतं. पण तो बापाच्या तोंडाकडे बघत होता. त्याने त्यांची बोटं हळुवारपणे, एकेक करून सोडवली. करंगळी शेवटी सुटली.

वर आणल्यावर बायकोने परातीत कोमट पाणी घेतलं. मिस्त्रींचा हात काळा झाला होता. त्यांनी तो मुठीत आवळून धरला, तिने लहान मुलाची उघडावी तशी मूठ उघडली. साबण लावून बोटांच्या बेचक्या घासल्या. एका नखात बारीक धागा अडकला होता, तो चिमटीत धरून ओढून काढला. कसली ही घाण, असं म्हणत पाण्यात टाकला आणि परात मोरीत ओतून आली.

खालून लेकाची हाक आली. टायरवाला आला होता. लेक विचारत होता, "बाबा, उद्या हेच ठेवू ना? हा म्हणतो, आता मस्त बसलेत."

मिस्त्रींनी तोंड उघडलं आणि शब्द जिभेवर येताच मिटलं. दातांवर दात दाबले. बोलण्यातलं एवढंच आता त्यांच्या हाती होतं. ते गप्प बसले. पोरगा थांबेल, वर येईल, विचारेल की आज गप्प का, निदान वर तरी येईल. खोलीत शांतता झाली. खालीही झाली.

"बाबा?" लेकाने पुन्हा हाक मारली. या वेळी आवाज थोडा वेगळा होता, काहीतरी चुकल्यासारखा.

बायको टॉवेलने त्यांची बोटं कोरडी करत होती. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. दमलेत बिचारे, तिला वाटलं. मग खिडकीकडे तोंड करून, त्यांचा त्रास वाचवायचा म्हणून, तिनेच उत्तर दिलं.

"बरं म्हणतायत रे."