अध्यक्षपदाची तिसरी खेप

आमच्या ह्यांना तिसऱ्यांदा अध्यक्ष व्हायचं होतं, आणि ते झाले नाहीत तर काय होईल या विचाराने माझा जीव टांगणीला लागला होता. अध्यक्ष म्हणजे इथे जर्मनीत, झिंडेलफिंगेनजवळच्या आमच्या छोट्या मराठी मंडळाचे. गणपती, दिवाळी पहाट, एक सहल आणि वर्षभर पुरतील एवढे रुसवेफुगवे, एवढाच त्या मंडळाचा पसारा. तुम्हाला हसू येईल. मलाही आलं असतं, पण गेल्या वर्षीचे नागेश मी बघितले होते.

जन्मभर त्यांनी मोटारींचे गिअरबॉक्स डिझाइन केले. मग विजेच्या गाड्या आल्या आणि कंपनीने ह्यांना मानाने, भरपाई देऊन, चार वर्षं आधीच घरी बसवलं. मानाने बसवलं तरी बसवलंच. हे दाढी करेनात, दुपारीसुद्धा पडदे उघडू देईनात. एकदा मला म्हणाले, "शोभना, मी उद्या उठलो नाही तर कोणाचं काय अडणार आहे?" मी हातातलं लाटणं तसंच धरून उभी राहिले. तेवढ्यात मंडळाचा फोन वाजला, गणपतीच्या हॉलबद्दल, आणि ह्यांच्या आवाजात एकदम जीव आला. त्या दिवसापासून ते मंडळ मला औषधासारखं वाटायला लागलं.

अडचण मंडळाच्या घटनेची होती. एका माणसाला दोनदाच अध्यक्ष होता येतं, असं तिच्यात स्पष्ट लिहिलंय. आणि हे कलम आणलं कोणी? ह्यांनीच! आधीचे मोहनराव खुर्ची सोडेनात, तेव्हा ह्यांनी भर सभेत टेबलावर मूठ आपटून ते मंजूर करून घेतलं होतं. आता ते काढायचं तर तीन चतुर्थांश मतं हवी होती.

मग हे अभ्यासाला लागले. सकाळच्या चहाला माझ्यापुढे देशोदेशीचे अध्यक्ष मांडले जाऊ लागले. "अमेरिकेचा पहिला अध्यक्ष दोन खेपांनंतर आपणहून घरी गेला. पुढे जवळजवळ दीडशे वर्षं तो नुसता रिवाज होता. कायदा नव्हता, शोभना! एकजण चारदा निवडून आला, खुर्चीतच वारला, तेव्हा कुठे त्यांनी घटनेत लिहिलं."

"मग आपल्याकडे आधीच लिहिलंय त्याचं काय?"

"आल्झो, म्हणजे असं बघ, इथलंच घे. जर्मनीत राष्ट्रपतीला लागोपाठ दोनच खेपा. पण चान्सेलरला मर्यादाच नाही! आता मला सांग, मंडळाचा अध्यक्ष हा राष्ट्रपती की चान्सेलर?"

आमची लेक दिया तेव्हा सुट्टीला घरी आली होती. टोस्ट खाता खाता तिने जर्मनमध्ये शांतपणे विचारलं, मेक्सिकोचं काय? तिथे एकाने 'पुन्हा निवडणूक नको' म्हणत बंड केलं आणि मग स्वतःच तीसेक वर्षं ठाण मांडून बसला. शेवटी क्रांती झाली. दुसऱ्या दिवसापासून चहाला बाकीचे देश आले, मेक्सिको मात्र नाही. मला दियाचा संताप आला. खरं बोलायला हिला हीच वेळ सापडली!

मी फोन करत सुटले. कधी कोणापुढे हात पसरले नाहीत, पण ह्यांच्यासाठी पसरले. सगळीकडे एकच सूर होता. "अहो काकू, काकांशिवाय मंडळ म्हणजे काय? नक्की, नक्की!" कोणी 'बघू' म्हणालं, तेही मी 'हो'तच धरलं. इतकी वर्षं आपल्या माणसांत काढून मला कळायला हवं होतं की आपण तोंडावर कोणाला नाही म्हणतच नाही. पण मला ते कळून घ्यायचं नव्हतं.

सभेत ह्यांनी सुंदर भाषण केलं. टाळ्या पडल्या. आमच्याकडे एरवी टाळ्या म्हणजेच मतदान. हात कोण मोजतो? पण चिटणीस स्वरूपा उठली आणि गोड आवाजात म्हणाली, "चिठ्ठ्या टाकूया का? म्हणजे कोणालाच अवघड वाटायला नको."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" हे हसत म्हणाले. "होऊ दे गुप्त मतदान."

कलम काढावं, 'हो' की 'नको', एवढंच लिहायचं होतं. मी 'हो' लिहिलं, आणि नीट उमटलं नाही म्हणून पुन्हा गिरवलं.

स्वरूपाने चिठ्ठ्यांचे दोन ढीग केले. तीन चतुर्थांश राहू द्या, 'नको'चा ढीगच मोठा होता. ह्यांनी तो बघितला, उभे राहिले आणि सगळ्यांचे आभार मानले. मग चहा झाला, आणि चहाचा कप हातात घेऊन एकेक जण ह्यांच्याजवळ येऊ लागला. "काका, मी 'हो'च लिहिलं होतं हं." प्रणव आला, कौमुदी आली, म्हातारे मोहनरावही आले. सगळ्यांनी 'हो'च लिहिलं होतं. प्रत्येकाचा हात हातात घेऊन हे मान किंचित झुकवून म्हणत होते, "थँक्यू, थँक्यू हं." मला त्या एकेकाच्या कानाखाली जाळ काढावासा वाटत होता.

गाडीत बसल्यावर ह्यांनी किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. मला राहवेना.

"अहो, मी 'हो' लिहिलं," मी म्हणाले.

म्हणाले काय, तोंडून निघून गेलं. आणि निघताक्षणीच मला कळलं की आज त्यांनी हेच वाक्य किती जणांकडून ऐकलंय. मी त्यांचा दंड धरला. "नागेश, खरंच. देवाशपथ. मी दोनदा गिरवलं."

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, मान किंचित झुकवली आणि म्हणाले, "थँक्यू हं."