पडलेल्या सुरीची साक्ष

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमच्या मनात भलतंसलतं येणार नाही. मी एक जुनी सुरी आहे, पण माझ्याकडून आजवर एकही खून झालेला नाही. खून मी ऐकलेत मात्र शेकड्यांनी. विष घातलेले, कड्यावरून ढकललेले, उशीखाली गुदमरवलेले. सगळे पुस्तकातले. तरीही एकदा माझ्यामुळे एका बाईचा जीव टांगणीला लागला होता, आणि खरं काय घडलं ते मला ठाऊक असून मी तोंड उघडू शकले नव्हते. ती रुखरुख अजून गेलेली नाही. म्हणून हे सगळं तुम्हाला सांगते आहे.

आमचं गाव काबाइग्वान, क्युबाच्या मधोमध. इथे चिरुटांचा कारखाना आहे. साखर कारखान्यातल्या एका मोडक्या करवतीच्या पात्यातून लोहाराने मला घडवलं. मला मूठ नाही. कलिंगडाच्या फोडीसारखी मी एका बाजूने वळलेली आणि दुसऱ्या बाजूने सरळ. तंबाखूचं पान कापायचं, कडा सारख्या करायच्या, चिरूट फळीवर फिरवून गोल करायचा, एवढं सगळं माझंच काम. आमच्याकडे मला चावेता म्हणतात. माझा पहिला मालक एवेलिओ. तो दिवसातून दोनदा मला शर्टाच्या टोकाने पुसायचा आणि मग शर्टावरून बायकोच्या शिव्या खायचा.

आता आमच्या कारखान्याची एक रीत सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. चिरूट वळताना हात गुंतलेले असतात, पण कान मोकळे. म्हणून दालनाच्या टोकाला एक चौथरा, त्यावर खुर्ची आणि आवाज मोठा करणारा भोंगा, आणि खुर्चीवर वाचक. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. वाचक कामगारांनीच निवडायचा, पुस्तकही कामगारांनीच मत देऊन निवडायचं. वाचन आवडलं की सगळे आपापली चावेता फळीवर आपटतात. टकटक, टकटक! दीडशे सुऱ्या एकदम वाजल्या की भिंतीचा चुना झडतो. आणि आवडलं नाही तर? तोंडाने एक शब्द बोलायचा नाही. सुरी जमिनीवर टाकायची. फरशीवर तो ठणठणाट झाला की वाचकाने समजून जायचं. एका वाचकाने तो आवाज ऐकून त्याच दिवशी गाव सोडलं होतं, असं एवेलिओ सांगायचा.

एवेलिओनंतर मी त्याच्या मुलीकडे, मिग्दालियाकडे आले. बाकही तोच, पहिल्या रांगेतला तिसरा. एक्केचाळीस वर्षं मी तिच्या हातात काढली. काय हात होता म्हणून सांगू! तिचे चिरूट पाहायला परदेशी पाहुणे यायचे, फोटो काढायचे. फोटोत मीही असायची, चकचकीत. खोटं कशाला बोलू, मला त्याची थोडी घमेंडही होती.

आणि चौथऱ्यावर ओदालिस. मिग्दालियाची शेजारीण, लहानपणापासूनची मैत्रीण. सत्तावीस वर्षं तीच वाचते आहे. प्रेमकथा वाचताना तिला स्वतःलाच झोप येते, पण खुनाची गोष्ट हातात द्या आणि बघा! इन्स्पेक्टरचा आवाज वेगळा, मोलकरणीचा वेगळा, खोटं बोलणाऱ्याचा तर असा मऊ की अंगावर काटा यावा. आमच्या लोकांना रहस्यकथांचं वेड तिनेच लावलं.

गेल्या वर्षी तिने सकाळच्या वर्तमानपत्रातून एक बातमी वाचली. मेक्सिकोतल्या एका बाईंची 'बंदरातली तिसरी घंटा' नावाची कादंबरी गाजते आहे, तिला बक्षीस मिळालं आहे, तिच्यावर मालिका निघाली आहे आणि आता चित्रपटही येतो आहे. झालं! दालनात एकच गलका. हीच कादंबरी हवी. मत घेतलं, हात वर झाले. ओदालिसने सांता क्लारा शहरातल्या भाचीकडून कशीबशी एक प्रत मिळवली.

कादंबरी सुरू झाली आणि मालिकाही गावात येऊन थडकली. आमच्याकडे दर आठवड्याला एक माणूस जगभरच्या मालिका आणि सिनेमे संगणकाच्या एका डबीत भरून घरोघरी देतो. आम्ही तिला आठवड्याचं गाठोडं म्हणतो. पुस्तकातला इन्स्पेक्टर जाडा, गुडघेदुखीने हैराण. गाठोड्यातला मात्र उंच, देखणा, सदान्‌कदा शर्टाची दोन बटणं उघडी. मग काय, तरुण पोरं-पोरी एका बाजूला, म्हातारे दुसऱ्या बाजूला.

"अगं, तो पोलीस आहे की केसांच्या तेलाची जाहिरात?" मिग्दालिया म्हणायची.

"मावशी, तुम्ही बघाच एकदा. पुस्तकात महिनाभर घालवतात ते तिथे दोन रात्रींत संपतं," मागच्या रांगेतला योआंद्री म्हणायचा. वळायला हात चांगला, पण एका जागी ढुंगण टेकेल तर शपथ.

तेवढ्यात व्यवस्थापक रेइनेरिओने पिल्लू सोडलं. चौथरा काढून तिथे मोठा टीव्ही लावायचा, काम करता करता मालिका ऐकायच्या. कारखान्यांनी नव्या जमान्याबरोबर चालायला हवं, वगैरे. पण वाचकाला काढायचं तर कामगारांचं मत घ्यावं लागतं, आणि तेवढी हिंमत त्याच्यात नव्हती. तो वाट पाहत राहिला. ओदालिसला ते कळत होतं. ती जास्तच जीव ओतून वाचायला लागली, पाण्याचे घोट वाढले, आणि संध्याकाळी तिचा घसा बसायला लागला.

आता मला जे माहीत होतं ते ऐका. मिग्दालियाच्या उजव्या हाताची बोटं बधिर होत चालली होती. आधी करंगळी, मग शेजारचं बोट, मग अर्धा तळवा. आठ महिने! कुणाला पत्ता नव्हता. ती मला चार बोटांऐवजी अंगठ्याच्या मुळाशी दाबून धरायची. पान कापताना मी वेडीवाकडी जायची, मग ती ते पान पटकन आत लपवून वर चांगलं गुंडाळायची. तिला भीती होती. ज्याला सुरी धरता येत नाही त्याला मागच्या खोलीत पाठवतात, पानांच्या शिरा ओढायला. तिथे बाक नाही, पाहुणे नाहीत, बापाची जागा नाही.

तो बुधवार होता. तेविसावं प्रकरण. मेलेल्या विधवेची जाऊ न्यायालयात उभी राहते आणि म्हणते, मी खुन्याला ओळखते. ओदालिसने आवाज इतका खाली आणला की पंख्यांची घरघर ऐकू यायला लागली. दीडशे माणसं, पण पान हलेना. मिग्दालियाचं तोंड उघडं राहिलं होतं. ती मला धरायचंच विसरली. बोटांना तर आधीच काही कळत नव्हतं. मी घसरले आणि फरशीवर पडले.

ठण्ण!

त्या शांततेत तो आवाज कसा झाला असेल, तुम्हीच विचार करा. सगळ्यांच्या माना वळल्या. पहिल्या रांगेतली, एक्केचाळीस वर्षं काम केलेली जुनी कामगार, ओदालिसची मैत्रीण, तिनेच सुरी टाकली! मागून दुसरी पडली. ती योआंद्रीची. मग तिसरी, मग धडाधड वीस-पंचवीस. मी फरशीवर पडल्या पडल्या मनात ओरडत होते, अरे थांबा, मी पडले, मला कुणी टाकलं नाही! पण पोलादाचं ओरडणं कोण ऐकतो?

ओदालिसने पुस्तक मिटलं. चष्मा काढला. पायऱ्या उतरताना तिने मिग्दालियाकडे एकदा पाहिलं. तेव्हा मिग्दालिया बोलली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण ती खाली वाकली, मला उचलून एप्रनच्या खिशात टाकलं, आणि गप्प बसली. मला तिचा इतका राग आला म्हणून सांगू!

रेइनेरिओला आयतीच संधी मिळाली. "उद्या सकाळी मतदान," तो म्हणाला, "वाचक की टीव्ही."

संध्याकाळी मिग्दालिया घरात नुसती येरझारा घालत होती. काळ्या घेवड्याचं पातेलं करपलं तरी तिला कळलं नाही. शेवटी एप्रन न सोडताच ती ओदालिसच्या दारात गेली. ओदालिस ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"ओदालिस..."

"काय?"

"अगं, ती दुपारची..."

"सत्तावीस वर्षं तुझ्यासमोर वाचतेय मी. आवडलं नाही तर तोंडाने सांगायचं होतंस. चहाटळ पोरांच्या देखत सुरी कसली टाकतेस?"

"तसं नाही गं..."

"मग कसं? सांग ना. सांग, मी ऐकतेय."

मिग्दालियाने उजवा हात पाठीमागे घेतला. मी खिशातच होते. ती म्हणाली, "घसा कसा आहे तुझा?"

"घशाचं आता काय करायचंय? उद्यापासून टीव्ही बोलणार आहे," ओदालिस म्हणाली आणि तांदळाचं ताट घेऊन आत गेली. दार लावलं नाही, पण ये असंही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे दालनात जमले. रेइनेरिओ चौथऱ्यावर चढून भाषण द्यायला लागला. ओदालिस खाली भिंतीला टेकून उभी होती, हातात पुस्तक. इतक्यात मिग्दालिया उठली.

"मावशी, मतदान चालू व्हायचंय. बसून घ्या," रेइनेरिओ म्हणाला.

"बसते रे बाबा. आधी मला बोलू दे. तुला पाळण्यात असताना बघितलंय मी, मला नको बसवूस."

लोक हसले. मिग्दालिया हसली नाही. तिने खिशातून मला डाव्या हाताने काढलं, उजव्या हातात ठेवलं आणि तो हात सगळ्यांना दिसेल असा उंच केला. तिने बोटं मिटायचा प्रयत्न केला. दोन मिटली, तीन नाही मिटली. मी तिच्या तळव्यावर राहायची खूप धडपड केली, पण सुरी कुठे स्वतःला धरू शकते? मी घसरले. पुन्हा तोच आवाज.

"हे असं झालं काल," ती म्हणाली. "मी टाकली नाही. पडली. आठ महिने झाले, या बोटांना चटका बसला तरी कळत नाही. तुम्हाला वाटलं मला गोष्ट आवडली नाही? अरे, गोष्ट इतकी आवडली की मी हात सांभाळायचं विसरले!"

 मग मागून योआंद्रीचा बारीक आवाज आला, "मावशी, मी तर तुमच्या पाठोपाठ टाकली..."

"मग तुझं डोकं कुठे ठेवलं होतंस? घरी, टीव्हीसमोर?"

या वेळी हशा पिकला, पण तो लगेच विरला, कारण मिग्दालिया रडत होती. ती म्हणाली, "काल बोलले असते तर माझा बाक गेला असता. म्हणून हिची खुर्ची जाऊ दिली मी. लाज वाटते मला. आता द्या मत."

हात वर झाले. रेइनेरिओने मोजले, पुन्हा मोजले, आणि चौथऱ्यावरून खाली उतरला. खुर्ची राहिली. त्याच दमात त्याने मिग्दालियाला सांगितलं की सोमवारपासून मागच्या खोलीत. नियम तो नियम. ती मान हलवून बाकावर बसली.

ओदालिस वर गेली. पुस्तक उघडलं, पण वाचायच्या आधी ती भोंग्यातून, सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल अशी म्हणाली, "आठ महिने? आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू मला ओढत डॉक्टरकडे नेलं असतंस," मिग्दालिया खालून ओरडली.

"नेणारच आहे. शनिवारी. आता गप बस आणि ऐक."

मग तिने उरलेली तीन प्रकरणं सलग वाचली. घसा फाटला तरी थांबली नाही. खुनी कोण निघाला ते मी सांगणार नाही, तुम्ही पुस्तक वाचा. शेवटचं वाक्य संपलं आणि सुऱ्या वाजायला लागल्या, दीडशेच्या दीडशे. मिग्दालियाने मला दोन्ही तळव्यांमध्ये दाबून धरलं, लहान मूल पेला धरतं तसं, आणि फळीवर आपटलं. ताल चुकला, मी तिरकी लागले, फळीचा कपचा उडाला. इतकी वाईट मी आयुष्यात कधी वाजले नव्हते. तरी तिने थांबायचं नाव घेतलं नाही, आणि मीही.

त्याला आता वर्ष होत आलं. मिग्दालिया मागच्या खोलीत डाव्या हाताने शिरा ओढते. डॉक्टर म्हणतात, आणखी आधी आली असतीस तर बोटं वाचली असती. मी तिच्या घरी बिस्किटांच्या डब्यात असते. कडेला गंज धरला आहे. कुणीतरी तेलाचा एक थेंब लावावा असं वाटतं, पण ते काही मी तुमच्याकडे मागत नाही.

मागायचं ते वेगळंच आहे, मित्रांनो. त्या बुधवारी दालनात दीडशे माणसं होती. रहस्यकथा ऐकून ऐकून प्रत्येकजण स्वतःला मोठा इन्स्पेक्टर समजायचा. सगळ्यांनी मला पडताना ऐकलं आणि सगळ्यांनी एका क्षणात निकाल देऊन टाकला. खाली वाकून मला उचलून द्यायला एकही माणूस उठला नाही. उठला असता, तर सुरी परत देताना त्याला तिचा हात दिसला असता. तुमच्यासमोर कुणाच्या हातून काही पडलं तर तेवढं करा. उठा, उचलून द्या, आणि देताना तो हात नीट बघा.