अस्वलाच्या पोटाचे टाके

नवं दालन मांडायचं म्हणजे सूनबाई आधी ते रांगत फिरून बघे. चार वर्षांच्या पोराचे डोळे जिथे असतात तिथून, हा तिचा नियम. संग्रहालयातले लोक हसत, पण त्यांच्या हसण्याला ती भीक घालत नसे.

या वेळी मात्र रांगता रांगता ती थबकली. मुलांच्या दालनात मधोमध उभं केलेलं पेंढा भरलेलं अस्वल वरून देखणं होतं, पण पोटाला सगळे वेडेवाकडे टाके आणि एका ठिकाणी तर सुतळी लोंबत होती. ते अस्वल तिच्या सासऱ्यांनी चाळीस वर्षांपूर्वी केलेलं, त्यांचं पहिलं काम. उद्या दालनाच्या चाचणीला बालवाडीची मुलं येणार होती, आणि संग्रहालयाच्या साहेबांनी बजावलं होतं की काही ओबडधोबड दिसलं तर ते सरळ कोठारात जाईल.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प बसता आलं असतं. पण सासऱ्यांवर तिचा जीव होता, बाबा म्हणे ती त्यांना, आणि त्यांच्यापासून काही लपवणं तिला कधी जमलंच नव्हतं. घरी जेवताना तिने सांगून टाकलं. त्यांनी ताट बाजूला सरकवलं.

"तेव्हा वाटलं, पोटाखाली कोण वाकून बघणार?" ते म्हणाले.

सकाळी ते तिच्याआधी हजर. कुरकुरत्या गुडघ्यांनिशी अस्वलाखाली शिरून उताणे पडले आणि जुने टाके उसवून नवे घालू लागले. निम्मं पोट झालं तोच मुलं आली. सूनबाईने हौसेने मांडलेल्या फुलपाखरांकडे एकानेही ढुंकून पाहिलं नाही. सगळी बाबांच्या शेजारी आडवी झाली.

एका चिमुरडीने बोट लावून विचारलं, "हे वाकडे कुणी घातले?"

साहेब दारातच उभे होते. बाबांनी एकदा सुनेकडे पाहिलं.

"मीच. तेव्हा मी शिकत होतो."

"मग आलं?"

"आलं की. हे बघ."

पोरीने सरळ टाक्यांवरून बोट फिरवलं, मग पुन्हा वाकड्यांवरून. साहेबांनीही वाकून पाहिलं, आणि मुलांना पडून बघायला इथे खाली एक गादी टाकून घ्या, असं सांगून ते गेले.

बाबांनी उरलेल्या पोटासाठी सुईत दोरा ओवला. इतक्या वर्षांत सूनबाईने त्यांच्या हातातून कधी काही काढून घेतलं नव्हतं.

"उरलेले वाकडेच राहू द्या, बाबा," असं म्हणत तिने हात पुढे केला, आणि त्यांनी सुई तिच्याकडे दिली.