बेचाळिसाव्या घराचे पान

मित्रांनो, मी चौदा वर्षांचा आहे. माणसांत हे वय शाळेत जाण्याचे असते. आम्हा संगणकांत पणजोबांचे. माझी पेटी राखाडी रंगाची आहे आणि सुरू होताना मी बराच घरघरतो. माझी गोष्ट कुणी ऐकावी इतकी मोठी नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही मागच्या हिवाळ्यात जे घडले ते सांगून ठेवावे असे वाटते.

कारखान्यातल्या एका लांब टेबलावर मला जोडले गेले. तिथे माझ्यासारखे शेकडो होते, त्यामुळे जन्माचे कौतुक कुणी केले नाही. ताउनो नावाच्या माणसाने मला दुकानातून आणले ते तो निवृत्त झाला त्या वर्षी. त्याआधी तीस वर्षे तो पूर्व फिनलंडमधल्या खेड्यापाड्यांतून ग्रंथालयाची बस चालवत असे. बसमधली निम्मी पुस्तके त्याने वाचली होती, असे त्याची बायको आइला सांगते. तो स्वतः असले काही सांगत नाही.

पहिली काही वर्षे माझे फार लाड झाले. आइला रोज माझ्यावरची धूळ पुसायची. पाहुणे आले की माझ्यावर हवामान बघायचे आणि मग खिडकीतून बाहेरही बघायचे. पुढे घरात नवे फोन आले आणि आइलाचे पत्त्यांचे खेळ सोडले तर मी कोपऱ्यातल्या टेबलाचा एक भाग झालो. त्याचे मला दुःख नव्हते. ताउनो दर शनिवारी पाच ते सहा माझ्यापुढे बसत असे, आणि तेवढे मला पुरेसे होते.

त्या तासाचे कारण साधे होते. शनिवारी या घरात सौना तापतो. अंगणाच्या टोकाच्या लाकडी खोलीत दगड तापवायचे, त्यांवर पाणी टाकायचे आणि वाफेत बसायचे. दगड तापायला तास लागतो. त्या तासात कुणी कामाला बोलावत नाही, म्हणून ताउनोने तो लिहिण्यासाठी राखून ठेवला होता.

तो एका गावाबद्दल लिहीत होता. युद्धाच्या शेवटी सीमा सरकली आणि ते गाव पलीकडच्या देशात गेले. सगळी माणसे गुरांना घेऊन चालत इकडे आली. ताउनो तेव्हा पाच वर्षांचा होता आणि त्याची बहीण हेल्मी बारा वर्षांची. गावात बेचाळीस घरे होती. कुठल्या घरात कोण राहत होते, अंगणात काय होते, हे ताउनो घरागणिक एकेक पान करून लिहीत होता. गावकऱ्यांच्या जूनमधल्या मेळाव्यात ते पुस्तक वाटायचे होते, आणि छापखान्यात मजकूर फेब्रुवारीअखेर द्यायचा होता. एकेचाळीस घरे सप्टेंबरातच लिहून झाली होती. उरले ते त्याचे स्वतःचे घर.

नेमका तेव्हापासून मी मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागलो.

मला स्वतःला त्यातले फार कळत नसे. एक क्षण पायाखालची जमीन गेल्यासारखे व्हायचे आणि मग मी नव्याने जागा व्हायचो. जे जतन केलेले नसते ते मला अजिबात आठवत नाही. म्हणून ताउनोने त्या पानावर काय लिहिले होते ते मी सांगू शकत नाही. तो काळ्या पडद्याकडे बघत "दुसऱ्यांदा," असे म्हणाला, पुढे "तिसऱ्यांदा," असे म्हणाला, त्यावरून मी मोजत होतो.

"माझ्यापुढे हा एकदाही बंद पडलेला नाही," आइला म्हणाली. "मी आठवडाभर याच्यावर पत्ते खेळते, मैत्रिणीला पत्रं लिहिते. तुझ्याच बोटांत काहीतरी आहे."

"बोटांत नाही," ताउनो म्हणाला. "वाक्यांत असेल."

आइला हसली. तो हसला नाही.

एका बुधवारी त्याची पुतणी सातू आली. ती जवळच्या शहरातल्या शाळांचे संगणक सांभाळते. तिने माझे झाकण काढले, ब्रशने पंखा साफ केला, स्मृतीच्या पट्ट्या एकेक काढून पुन्हा घट्ट बसवल्या. दुपारभर माझ्यात व्हायरस शोधला. मी तापतो का तेही पाहिले. मी तिच्यापुढे चार तास न थांबता चाललो. मला लाज वाटली.

"काका, याच्या नोंदींत फक्त 'अचानक बंद झाला' एवढंच दिसतंय. कारण काही नाही," ती म्हणाली. "आणि तुम्ही जतन का करत नाही? दर दोन ओळींनी एक बटण दाबायचं."

"अजून ते जतन करण्यासारखं झालेलं नसतं."

"मग आपोआप जतन व्हायची सोय असते ना?"

"ती मी बंद केली. कच्चं वाक्य कुणी राखून ठेवू नये."

सातूने आइलाकडे पाहिले. "काकू, तुम्ही यांच्याशी पन्नास वर्षं कसा संसार केलात?"

"मी कच्चं बोलत नाही," आइला म्हणाली.

जाताना सातूने मी बंद पडलो की तारीख आणि वेळ लिहून ठेवायला सांगितले. ताउनोने ग्रंथालयातल्या जुन्या कार्डावर मागच्या तीन वेळांसकट ते सुबकपणे लिहिले. पुढच्या बुधवारी तिने कार्ड वाचले. चारही वेळा शनिवार होता.

"मी शनिवारीच लिहितो," ताउनो म्हणाला. त्यामुळे त्यातून काही निष्पन्न झाले नाही. शनिवारी येऊन बघते असेही सातू म्हणाली नाही. शनिवारी संध्याकाळी या देशात जो तो आपापल्या सौन्यात असतो.

"नवा घ्या, काका. हा जुन्या यंत्रांच्या संकलन केंद्रावर मोडीत देऊन टाकू."

"आणि तोही माझ्यापुढे बंद पडला तर?"

मित्रांनो, संकलन केंद्राचे मला भय वाटले हे खरे. पण त्या माणसाचे हे बोलणे मला अधिक लागले. तुझ्या वाक्यांत काही खोट नाही, एवढे मला सांगायचे होते. पण आमच्याकडे दिलेले तेवढेच दाखवण्याची सोय आहे.

फेब्रुवारीत हेल्मीचा फोन आला. ती आता शहाऐंशी वर्षांची आहे आणि तिची दृष्टी झपाट्याने जाते आहे. फोनवर ती इतक्या मोठ्याने बोलते की मलाही ऐकू येते.

"आपल्या घराचं पान झालं का?"

"यंत्र बिघडलंय."

"मग हाताने लिही."

"हात कापतो. माझंच मला वाचता येत नाही."

"जूनपर्यंत मला दिसेल की नाही ते डॉक्टरही सांगत नाही. लवकर कर."

फोन ठेवल्यावर तो आइलाला म्हणाला, "एकेचाळीस घरंही पुष्कळ झाली. तेवढीच पाठवतो."

आइलाने फडके आणले. तिने माझ्यावरची धूळ पुसली. बऱ्याच वर्षांनी.

त्याच आठवड्यात सातूच्या इमारतीतले पाइप बदलायला काढले आणि तिथला सौना महिनाभर बंद झाला. म्हणून ती शनिवारी टॉवेल घेऊन इकडे आली. पाचला आइला बूट घालून अंगणात गेली. ताउनो माझ्यापुढे बसून एकेचाळीस पाने पाठवण्याची तयारी करत होता. सातू दारात उभी होती. टेबलावरचा दिवा किंचित मंद झाला आणि मी बंद पडलो.

पुन्हा जागा झालो तेव्हा आइला परत येऊन बूट काढत होती आणि सातू तिला विचारत होती, "काकू, आत्ता तुम्ही काय केलंत?"

"सौन्याची शेगडी लावली."

"लाकडं पेटवलीत?"

"लाकडं कुठली? काकाचा खांदा गेल्यापासून फोडणार कोण? सप्टेंबरात विजेची बसवली ना."

सातूने कोटसुद्धा न घालता अंगण ओलांडले. तिने शेगडी बंद केली आणि पुन्हा लावली. दिवा मंद झाला. मी बंद पडलो. ती परत आली तेव्हा तिच्या केसांवर बर्फ होता.

"ती शेगडी चालू झाली की घरातली वीज क्षणभर खाली बसते. दगड तापत असताना ती मधूनमधून आपणच बंद होते, आपणच चालू होते. नव्या संगणकाला ते कळलंही नसतं. याची वीज देणारी पेटी म्हातारी झालीय, तिला तेवढा क्षण पेलवत नाही. बुधवारी दुसरी आणते."

"म्हणजे वाक्यांमुळे नाही," ताउनो म्हणाला.

"काका, त्याला फिनिश वाचता येत नाही."

छापखान्याला सोमवारी द्यायचे होते. बुधवारपर्यंत थांबता येणार नव्हते. सातू आइलाकडे वळली. "काकू, तासभर शेगडी बंद ठेवाल?"

"शनिवारी? एकोणपन्नास वर्षं या घरात सहाला सौना तयार असतो." आइलाने ताउनोकडे पाहिले. मग काढलेले बूट पुन्हा घातले. "आज सातला. पण सहा वाजता मी शेगडी लावणार, तुझं होवो न होवो."

दोघी स्वयंपाकघरात कॉफी पीत बसल्या. ताउनोने दोन बोटांनी लिहायला सुरुवात केली. लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. घर सोडण्याच्या दिवशी आईने जमीन कशी धुतली, ते तो लिहीत होता. 'हे मला खरेच आठवते की हेल्मीने सांगितलेले?' असे एक वाक्यही त्याने लिहिले आणि ते मात्र खोडले नाही.

"सहा वाजले," आइला दारातून म्हणाली.

"अजून कच्चं आहे."

"मग कच्चंच ठेव. मी निघाले."

बाहेरचे दार वाजले. त्याने शेवटचे वाक्य एकदा वाचले. मग त्याने जतन करण्याचे बटण दाबले. दिवा मंद झाला, मी बंद पडलो, आणि जागा झालो तेव्हा ते पान माझ्याजवळ होते.

त्याने हेल्मीला फोन लावला आणि पान वाचून दाखवले.

"निघायच्या आधी आईने जमीन नाही धुतली," हेल्मी म्हणाली. "पायऱ्या धुतल्या. आत वासरू बांधलेलं होतं."

"म्हणजे मी चुकलो."

"एका जागी चुकलास. ती नीट कर आणि पाठवून दे."

त्याने एक शब्द बदलला आणि दोन वेळा जतन केले.

मित्रांनो, तुमच्या घरातले यंत्र पुन्हा पुन्हा बंद पडत असेल तर त्याला चापट्या मारू नका आणि स्वतःलाही दोष देऊ नका. ते बंद पडते तेव्हा घरात दुसरे काय चालू होते, ते बघा. आणि जे अर्धेमुर्धे लिहिले असेल ते आमच्याकडे ठेवायला द्या. आम्ही ते तपासत नाही. ताउनोची हरवलेली पहिली चार पाने कशी होती, ते आता कुणालाच कळणार नाही. कदाचित ती या पाचव्याहून चांगली असतील.