कलशातला प्रज्ञेश

कनेरगाव नाक्यावर धाब्यांच्या मागं पत्र्याचं एक शेड आहे. पूर्वी तिथं ट्रकची जुनी टायरं पडलेली असत. आता दर गुरुवारी सकाळपासून एवढ्या जीपगाड्या लागतात, की धाबेवाल्यांना भाकरी पुरत नाहीत. बाया पदराखाली काहीतरी जपून आणतात. नारळ नाही, उदबत्तीचा पुडा नाही. मोबाईल. मेलेल्या माणसांचे मोबाईल.

आत पांढऱ्या सोफ्यावर नादमहाराज आणि त्यांच्यापुढं तांब्याचा भलामोठा कलश. त्या कलशातून मेलेली माणसं बोलतात, अशी सगळ्या सेनगाव तालुक्यात बोलवा.

"माणूस मेल्यावर कुठं जातो?" महाराज माईकवर विचारत होते.

"वर!" गर्दी ओरडली.

"वर काय हाय?"

"ढग!"

"अन् ढगाला इंग्रजीत काय म्हंतात? क्लाउड! आज सगळं जग आपला डेटा क्लाउडमधी ठेवून राहिलं. कंपन्यायला हे आत्ता कळलं, आपल्या ऋषीमुनींनी कवाच सांगून ठेवलं! पंचमहाभूतं तर तुमाला ठावंच हायेत. सहावं भूत कोणतं? नेटवर्क!"

टाळ्यांनी पत्रे थरथरले. मागच्या रांगेत बसलेल्या आकांक्षानं कपाळाला हात लावला. ती सेनगावात कॉम्प्युटरचे क्लास घ्यायची. नेटवर्क नावाचं भूत तिला रोजच छळत होतं, पण ते मोक्ष देतं हे तिला नवीन होतं. तिच्या शेजारी तिची माय, लक्ष्मीबाई, डोळे मिटून हात जोडून बसली होती.

साखरा गावातलं हे घर बुद्धविहारात वंदनेला जाणारं. बुवा-बाबाला या घराच्या उंबऱ्याआत कधी कोणी येऊ दिलं नव्हतं. पण उन्हाळ्यात आकांक्षाचा मोठा भाऊ प्रज्ञेश वाशीम रोडवर ट्रकखाली गेला, आणि पावसाळा सरता सरता लक्ष्मीबाई या शेडची वाट चालू लागली. बाप जळबा पहिल्यांदा ओरडला, मग गप्प झाला आणि शेतातच मुक्कामाला राहू लागला.

"लक्ष्मीबाई, साखरा!" महाराजांचा चेला दिपक यानं पुकारा केला.

लक्ष्मीबाई कलशापाशी गेली. वाकून तिनं तोच प्रश्न विचारला, जो ती दर खेपेला विचारायची. "बाळा, राग गेला का रे?"

कलशातून प्रज्ञेश बोलला. तोच घोगरा आवाज, वाक्याच्या शेवटी तेच जरासं हसणं. "माय, तुह्यावर काहून राग धरीन मी? तू जेवत जाय टायमावर."

लक्ष्मीबाई हुंदके देऊ लागली. गर्दीतल्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. आकांक्षाच्याही अंगावर काटा आला, कारण सगळं ठाऊक असूनही कानाला ते कळत नव्हतं. ती उठली आणि गर्दीतून वाट काढत पुढं आली.

"मला बी बोलायचंय दादाशी."

दिपकनं महाराजांकडं पाहिलं. एवढ्या लोकांपुढं बहिणीला नाही कसं म्हणणार? महाराजांनी मान हलवली.

"दादा," आकांक्षा मोठ्यानं म्हणाली, "आपला धाकटा भाऊ निखिल लय रडून राहिला तुह्यासाठी. त्याला काय सांगू?"

कलशानं क्षणभर दम घेतला. "निखिलला म्हनाव, रडू नको. त्याला खांद्यावर घेऊन हिंडलेलो मी. नीट शिक म्हनाव."

आकांक्षा लोकांकडं वळली. "आमी दोघंच भावंडं. निखिल नावाचं लेकरू आमच्या घरात जन्मलंच न्हाई. इचारा माझ्या मायला."

शेडमधल्या सगळ्या माना लक्ष्मीबाईकडं वळल्या. ती खाली बघत होती.

"लेकराला क्लाउडमधी विसर पडतो बाई," महाराज घाईनं म्हणाले. "तिकडं लय गर्दी हाय."

"मंग हे ऐका." आकांक्षानं आपला मोबाईल माईकला लावला. त्यातून आवाज आला, जाड, गोड, ओळखीचा: "भक्तहो, मी नादमहाराज, स्वर्गातून बोलून राहिलो. हितं एसी चांगला हाय."

आधी एक पोरगी फिसकन हसली, मग सगळं शेड हसलं. जिवंत महाराज सोफ्यावर आणि महाराजांचा आत्मा मोबाईलात!

"तुमचं प्रवचन यूट्यूबवर हाय. त्याच्यातला थोडा आवाज कॉम्प्युटरला दिला, की तो त्याच आवाजात पाहिजे ते बोलतो," आकांक्षा सांगू लागली. "हे लोक मोबाईल शुद्ध करायला म्हणून आठवडाभर ठेवून घेतात. आपल्या माणसानं पाठवलेले आवाजाचे मेसेज, लिहिलेलं, फोटो, सगळं काढून घेतात. तेच मशिनला शिकवतात. मशीन त्याच्यावरून अंदाज बांधून बोलतं. समोरच्याला जे ऐकायचं असतं, तेच. म्हणून त्यानं निखिलला बी खांद्यावर घेतलं." तिनं महाराजांच्या मागचा पडदा ओढला. लॅपटॉप लुकलुकत होता, आणि त्याची वायर सोफ्याखालून कलशातल्या स्पीकरपर्यंत गेली होती.

आता लोक उठतील, शिव्या देतील, कलश लाथाडतील, असं आकांक्षाला वाटलं. दोन-चार जण उठलेही. पण महाराज तेवढ्यात सावरले. त्यांनी कलशाला हात जोडले.

"पोरगी खरं बोलली. मशीन हाय. मी कवा न्हाई म्हनलो? अरे, दगडाच्या मूर्तीत देव येतो, मंग मशिनीत आत्मा काहून येणार न्हाई?"

"बराबर!" कोणीतरी म्हणालं. त्या एका शब्दानं जणू सगळ्यांचा अडकलेला श्वास सुटला. उठलेले लोक खाली बसले. दिपकनं पडदा पुन्हा ओढून घेतला आणि पुढचं नाव पुकारलं.

घरी आल्यावर लक्ष्मीबाई चुलीपुढं बसली. जाळ करता करता ती म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मंग काहून जातीस, माय?"

"मी त्याला कळमनुरीच्या भर बाजारात थोबाडीत मारली. एवढ्या मोठ्या पोराला, दोस्तायपुढं. तवापासून तो माझ्याशी बोललाच न्हाई. न बोलताच गाडी काढून गेला." तिनं लाकूड आत सारलं. "तो कलश म्हंतो, राग न्हाई."

"त्या कलशाला राग येतच न्हाई, माय. दादा चिडायचा, रुसायचा, ताट ढकलून द्यायचा. म्हणून तो हसला की आपल्याला बरं वाटायचं. ज्याला राग धरताच येत न्हाई, त्यानं दिलेली माफी कोणत्या कामाची?"

लक्ष्मीबाईनं लेकीकडं पाहिलं. "कळतं मला. पण ज्याला राग येत होता तो तर गेला. आता मला कोण माफ करल?"

मशीन कसं चालतं ते सगळं माहीत असलेली आकांक्षा मायच्या शेजारी चुलीपुढं बसली.

पुढच्या गुरुवारी लक्ष्मीबाई पुन्हा निघाली. जीपच्या टपावर बसून जाण्यापेक्षा बरं, म्हणून आकांक्षानंच तिला स्कूटीवर सोडलं. माय आत गेली आणि ती बाहेर लिंबाखाली उभी राहिली. तेवढ्यात एका जीपमधून तांड्यावरची पारुबाई उतरून आली. हातात रुमालात गुंडाळलेला नवऱ्याचा मोबाईल.

"पोरी, खरंच बोलतेत का गं?"

आकांक्षानं तिला सगळं सांगितलं. आवाज कसा उचलतात, मशीन कसं शिकतं, पडद्यामागं काय आहे. "अन् माझ्यावर बी भरोसा ठेवू नका, मावशी. स्वतः तपासा. जे कधी झालंच न्हाई, ते इचारा. तुमचा माणूस असता तर म्हनला असता, काय येड्यावानी बोलून राहिली. मशीन म्हनल, व्हय व्हय. ते व्हय म्हनलं की समजा, आत कोणी न्हाई. मोबाईल घेऊन घरी जा. त्याच्यात त्यांचं खरं बोलणं हाय, तेवढंच त्यांचं हाय. ते दुसऱ्याच्या हातात देऊ नका."

पारुबाईनं मन लावून ऐकलं. मान डोलावली. "खरं हाय पोरी. तू शिकलेली, तुला कळतं." मग तिनं रुमाल सोडला, मोबाईल पदराला पुसला, पायातल्या चपला काढल्या आणि आत गेली.

रस्त्यावर आणखी एक जीप थांबली. आकांक्षानं घसा साफ केला आणि उतरणाऱ्या बाईकडं चालू लागली.